फडताळाचा रंग आणि घरचे श्रम : राजूर परिसराच्या संदर्भात स्वयंपाकघरातील रंगकामाचा इतिहास

प्रस्तावना

जालना–भोकरदन मार्गावरील राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांची जी परंपरा सांगितली जाते, तीत मोरगाव, पद्मालय आणि चिंचवड यांच्याबरोबर राजूरचे नाव आदराने घेतले जाते. भोकरदन तालुक्यातील हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या राजकीय स्थित्यंतरांची नोंद इतिहासग्रंथांतून विपुल प्रमाणात आढळते. त्याच काळात घराच्या आत, विशेषतः स्वयंपाकघरात जी स्थित्यंतरे घडली, त्यांकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल असा आहे. स्वयंपाकघरातील फडताळ किंवा कपाट रंगवावयाचे झाल्यास ते घरच्या माणसांनी रंगवावे की पैसे देऊन कारागिराकडून रंगवून घ्यावे, हा प्रश्न आज ग्रामीण व निमशहरी कुटुंबांत दसरा-दिवाळीच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने हमखास उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा खर्चाच्या आकड्यावरून दिले जाते. परंतु हा प्रश्न नेहमीच अस्तित्वात होता असे नाही. तो विशिष्ट काळी, विशिष्ट वस्तूंच्या आगमनाने निर्माण झाला. त्यापूर्वी घर रंगविण्याचे काम कोणी करावे याविषयी शंकाच नव्हती. ते स्त्रियांचे काम होते आणि त्याचा मोबदला देण्याची रीत नव्हती. हे काम बाजारात केव्हा व कसे गेले, आणि त्यामुळे आजच्या निर्णयात कोणत्या गोष्टी हिशोबाबाहेर राहतात, याचा शोध घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

माळवदाचे घर आणि फडताळ

गावाच्या भूमीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मराठी ग्रामव्यवस्थेत मानले जात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. मराठवाड्यातील जुनी घरे या पांढरीच्याच मातीतून उभी राहिली. जाड मातीच्या वा दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी सरे व किलचण आणि त्यावर मातीचा थर देऊन केलेले सपाट माळवद, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. उन्हाळ्यातील तीव्र उष्णता आणि मर्यादित पर्जन्यमान या दोहोंशी ही रचना सुसंगत होती.

भिंतीची जाडी हीच फडताळाची जननी होय. दीड-दोन हात जाडीच्या भिंतीत कोनाडा, देवळी आणि फडताळ सहज सामावत असे. कोनाडा उघडा असे, तर फडताळाला लाकडी चौकट, आतून फळ्या आणि बाहेरून दोन झडपा असत. धान्य कणगीत वा बळदात, रोजची भांडी मांडणीवर, मडकी उतरंडीला, दूधदुभते शिंकाळ्यात आणि लोणची, तूप, गूळ, मसाले यांसारखा जपून ठेवण्याचा जिन्नस फडताळात, अशी वस्तूंची विभागणी होती. फडताळाला कडी-कोयंडा असे आणि त्याची किल्ली घरातील कर्त्या स्त्रीच्या कमरेला असे. घरातील अधिकाराचे ते एक चिन्ह होते.

या फडताळाला आजच्या अर्थाने रंग नव्हता. चुलीच्या धुराने सागवान, कडुनिंब वा बाभळीचे लाकूड काही वर्षांतच काळपट होई. त्यावर वर्षातून एकदा तेलाचा हात फिरविला जाई. या भागात पिकणाऱ्या जवस आणि करडई या दोन्ही तेलबियांचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन वाळते. त्यामुळे लाकडावर पातळ संरक्षक थर तयार होई आणि किडीपासून काही अंशी बचाव होई. भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोतारा आणि जमिनीला शेणाचे सारवण ही कामे सणासुदीला होत. माती आणणे, भिजवणे, गाळणे, पोतेऱ्याने भिंतीवर चढविणे आणि गेरूचा पट्टा ओढणे ही सर्व कामे स्त्रियाच करीत. हे कौशल्य आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे जात असे.

बलुतेदारीत नसलेला कारागीर

ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासात त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथाचे महत्त्व सर्वमान्य आहे. बलुतेदारीच्या परिचित याद्या पाहिल्या असता एक गोष्ट लक्षात येते. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, परीट आहे, न्हावी आहे. परंतु घर रंगविणारा कारागीर नाही. 'रंगारी' हा शब्द मराठीत जुना असला तरी त्याचा मूळ संबंध कापड रंगविण्याशी होता. जीनगर, चितारी यांच्याकडे रंगाचे कौशल्य होते. तथापि ते प्रामुख्याने पालखी, रथ, देव्हारा, मखर आणि श्रीमंतांच्या वाड्यातील भित्तिचित्रे यांसाठी वापरले जाई. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध येत नसे.

या अनुपस्थितीचा अर्थ महत्त्वाचा आहे. गावाला ज्या कामाची गरज होती आणि जे काम घरात होत नव्हते, त्या कामाला बलुते मिळाले. फडताळ घडविण्याचे काम सुताराचे होते, म्हणून सुताराला खळ्यावर धान्य मिळे. तेच फडताळ आणि त्याभोवतीची भिंत वर्षानुवर्षे नीट राखण्याचे काम घरातील स्त्री करीत असल्याने त्याला ना बलुते मिळाले, ना स्वतंत्र व्यवसायाचे नाव. घडविणे हे काम ठरले आणि राखणे हे कर्तव्य ठरले. घरचे रंगकाम 'फुकट' असते ही आजची समजूत या भेदातूनच आलेली आहे.

शेंदूर, हिंगूळ आणि तेलरंग

तेलात खनिज रंग घालून लेप देण्याची कल्पना या भागाला मुळीच नवी नव्हती. गणपती आणि मारुती यांच्या मूर्तींना शेंदूर लावण्याची प्रथा गावोगाव आहे. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असून ते तेलात कालवून मूर्तीवर चढविले जाते. तत्त्वतः हा तेलरंगच होय. लोखंडाला गंज लागू नये म्हणून कारखान्यांतून दिला जाणारा तांबडा अस्तराचा रंगही दीर्घकाळ याच द्रव्यापासून तयार होत असे. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावण्याची रीतही अशीच जुनी आहे. म्हणजे देवाला आणि बैलाला रंग होता, फडताळाला नव्हता. रंग ही पूजेची व सणाची वस्तू होती, वापराच्या लाकडी सामानाची नव्हती.

हे चित्र विसाव्या शतकात डबाबंद रंगांच्या आगमनाने बदलले. भारतातील आधुनिक रंगोद्योगाचा प्रारंभ 1902 मध्ये हावडा येथे स्थापन झालेल्या शालिमार पेंट्सपासून मानला जातो. 1920 मध्ये मुंबईत पुढे नेरोलॅक या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीची स्थापना झाली. 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, मुंबईतच चार मित्रांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. मोठ्या शहरांतील वितरणावर जुन्या कंपन्यांचा पगडा असल्याने या नव्या कंपनीने लहान गावांतील दुकानदार आणि लहान आकाराचे डबे यांवर भर दिला. मोठा डबा घेण्याची ऐपत नसलेल्या किंवा तेवढी गरज नसलेल्या कुटुंबालाही त्यामुळे रंग विकत घेणे शक्य झाले. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी याच कंपनीसाठी 'गट्टू' हे बोधचित्र रेखाटले. हातात ब्रश आणि डबा घेतलेला हा खट्याळ मुलगा पुढे अनेक दशके दुकानांच्या पाट्यांवर दिसत राहिला. ज्या देशात घराच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी रंगविल्या, तेथे विकतच्या रंगाचे प्रतीक म्हणून ब्रश मुलाच्या हाती दिला गेला, हे सूचक आहे.

हैदराबाद–मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्यापासून जालना ही या भागाची मोठी बाजारपेठ बनली होती. पुढे 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि कालांतराने लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांमुळे शहराला औद्योगिक ओळख मिळाली. सिमेंट, सळई, वीट आणि रंग या वस्तू तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचण्यास ही बाजारपेठ साहाय्यभूत ठरली. शेतकऱ्याच्या घरात तेलरंग अनेकदा पोळ्याच्या निमित्ताने आला. हिंगुळाची जागा वॉर्निश आणि ऑइलपेंटने घेतली आणि डब्यात उरलेला रंग दाराच्या चौकटीला वा फडताळाच्या झडपांना लागणे स्वाभाविक होते.

स्वयंपाकघरात तेलरंग टिकून राहण्यामागे मात्र सौंदर्यापेक्षा उपयुक्ततेचे कारण प्रबळ होते. पोताऱ्याची भिंत धुता येत नाही. काजळी धरली की तिच्यावर नवा थर चढविणे हाच उपाय असतो. तेलरंगाचा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसता येतो. चुलीच्या धुरात काम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. पुढे स्टोव्ह, गॅस आणि 2016 पासून उज्ज्वला योजना यांमुळे काजळी कमी झाली, पण फोडणीच्या तेलाचा चिकटपणा राहिलाच.

फडताळाकडून कपाटाकडे

पक्क्या बांधकामाबरोबर भिंती पातळ झाल्या. नऊ इंची विटांच्या भिंतीत जुन्या मापाचे फडताळ मावेना. त्याची जागा कडप्प्याच्या फरशीचे कप्पे, त्यांना बसविलेली लाकडी वा प्लायवूडची दारे, लोखंडी कपाट आणि नंतर स्टीलच्या ट्रॉल्या यांनी घेतली. गोदरेजने लोखंडी कपाटांची निर्मिती 1923 मध्येच सुरू केली असली, तरी ग्रामीण घरात असे कपाट प्रामुख्याने लग्नातील आंदण म्हणून आणि बऱ्याच उशिरा आले. बसून करावयाचा स्वयंपाक उभ्याच्या ओट्यावर गेला आणि ओट्याखालची जागा दारांनी झाकली गेली.

येथे रंगकामाचे स्वरूप बदलले. पोतारा हाताच्या अंदाजाने देता येत होता. चूक झाली तर पुढच्या सणाला ती दुरुस्त होत असे. कपाटाच्या दारावरील तेलरंगाला ही सवलत नाही. ओघळ, ब्रशचे केस, फुगे आणि पोपडे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहतात. त्यातूनच 'पेंटर' या नव्या कारागिराची गरज निर्माण झाली. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरील जाहिराती, बैलगाड्या आणि मालमोटारी रंगविणारे हात घरातील दारे-खिडक्यांकडे वळले. बलुतेदारीत ज्याला स्थान नव्हते तो कारागीर रोख मजुरीच्या व्यवस्थेत उदयास आला. या व्यवसायाला जातीचे बंधन तुलनेने कमी असल्याने भूमिहीन आणि कोरडवाहू शेतीवर भागत नसलेल्या कुटुंबांतील तरुणांना तो खुला राहिला. मराठवाड्याने 1972 चा आणि 2012-13 चा असे तीव्र दुष्काळ अनुभवले. अशा वर्षांत घरे रंगविणे लांबणीवर पडते. म्हणजे ज्या वर्षी मजुरीची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी हे काम सर्वांत कमी, ही या व्यवसायाची अंगभूत अस्थिरता आहे.

निर्णयाचे घटक

कारागीर बोलवावा की नाही, या प्रश्नाचा विचार उपरोक्त पार्श्वभूमीवर केल्यास चार घटक पुढे येतात.

पहिला घटक पूर्वतयारीचा. रंगाचा टिकाऊपणा डब्यापेक्षा त्याखालच्या पृष्ठभागावर अधिक अवलंबून असतो. राजूरच्या उत्तरेस, शेजारच्या जिल्ह्यात असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रकारांनी खडकावर थेट रंग दिला नाही. माती, शेण, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, असा क्रम त्यांनी पाळला. पोतारा देणाऱ्या स्त्रीलाही हे तत्त्व ठाऊक होते. सैल झालेली माती खरवडल्याशिवाय ती नवा हात देत नसे. कपाटाच्या बाबतीत दारे व बिजागऱ्या काढणे, सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुणे, पॉलिश कागदाने घासणे, खड्ड्यांत लांबी भरणे, अस्तर देणे आणि मग रंगाचे दोन हात, असा हा क्रम आहे. तेलरंग केवळ द्रावक उडून गेल्याने वाळत नाही. त्यातील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तो घट्ट होतो. त्यामुळे दोन हातांमध्ये किमान एका रात्रीचे अंतर लागते आणि दमट हवेत ते वाढते. पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास रंगकाम करण्याची रूढी या दृष्टीने शास्त्रशुद्ध ठरते. तयारीस टाळाटाळ करणाऱ्या कारागिरापेक्षा धीराने तयारी करणाऱ्या घरच्या माणसाचे काम अधिक टिकते, हेही येथे नमूद करावयास हवे.

दुसरा घटक आरोग्याचा. जुन्या तेलरंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. युरोपात या धोक्याची जाणीव लवकर झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 मध्येच इमारतींच्या अंतर्गत रंगकामात शिसेयुक्त पांढऱ्या रंगाच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर 1978 मध्ये बंदी आली. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, त्यापूर्वी रंगविलेले कपाट कोरडे घासल्यास शिसेमिश्रित धूळ स्वयंपाकघरात पसरण्याची शक्यता असते. ही धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस आणि गर्भवती स्त्रियांना विशेष अपायकारक असते. असा जुना रंग ओला करूनच घासणे, भांडी व धान्य आधी बाहेर काढणे आणि मुलांना त्या दिवसांत दूर ठेवणे आवश्यक आहे. ही खबरदारी कारागिराच्या आरोग्यासाठीही तितकीच गरजेची असते, कारण तो अशी धूळ वर्षभर अंगावर घेत असतो.

तिसरा घटक पैशाचा. घरी रंगविल्यास फक्त रंगाचे पैसे लागतात, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. या हिशोबात घरच्यांच्या दिवसांची किंमत शून्य धरलेली असते. शिवाय ब्रश, कागद, लांबी, अस्तर आणि टर्पेंटाइन यांचा खर्च विसरला जातो. उलटपक्षी, प्लायवूड पाण्याने फुगले असेल किंवा लाकडाला वाळवी लागली असेल, तर कुशल कारागिराची मजुरीही वायाच जाते. तेथे रंगाऱ्याआधी सुताराला बोलावणे इष्ट ठरते.

चौथा आणि सर्वाधिक दुर्लक्षित घटक वेळेचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. 'घरीच रंगवू' असे जेव्हा ठरते, तेव्हा कपाट रिकामे करणे, भांडी घासून ठेवणे, अंगणात तात्पुरती चूल मांडून स्वयंपाक चालू ठेवणे आणि शेवटी फरशीवरचे डाग काढणे ही कामे या 299 मिनिटांतच सामावली जातात. कारागीर आला तरी यांतील बरीचशी कामे, त्याचा चहा-फराळ धरून, तिच्याचकडे राहतात. ब्रश कोणाच्या हाती द्यावा हा निर्णय मात्र पुष्कळदा पैसे कोणाच्या हाती आहेत यावरून ठरतो. एके काळी फडताळाची किल्ली जिच्या कमरेला होती, तिचे मत रंगाच्या छटेपुरते विचारले जाते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. स्वयंपाकघरातील लाकडी सामान पैसे देऊन रंगविणे ही अलीकडची प्रथा असून ती डबाबंद तेलरंग, पातळ भिंतींची पक्की घरे आणि रोख मजुरी या तिहींच्या संयोगातून निर्माण झाली.

2. बलुतेदारीत घर रंगविणाऱ्यास स्थान नसण्याचे कारण गरजेचा अभाव हे नव्हते. स्त्रियांच्या विनामोबदला श्रमांनी ती गरज भागविली जात होती.

3. कपाट लहान असेल, लाकूड शाबूत असेल, जुना रंग निघत नसेल आणि घरातील पुरुष व मुले कामात खरोखर सहभागी होणार असतील, तर घरी रंगविणे योग्य ठरते. जुना रंग पोपडे धरून निघत असेल, अनेक दारे असतील किंवा घरातील कामाचा सगळा भार एकाच स्त्रीवर येणार असेल, तर पूर्वतयारीची प्रत्येक पायरी आधी स्पष्टपणे ठरवून घेऊन कारागीर बोलाविणे अधिक न्याय्य ठरते.

4. कारागिराची मजुरी ही चैन समजली जाते, कारण तेच काम पूर्वी 'फुकट' होत होते असे मानले जाते. वास्तविक ते कधीच फुकट नव्हते. त्याची किंमत फक्त मांडली गेली नव्हती.

राजूरसारख्या गावात देवाच्या शेंदराला मान आहे आणि पोळ्याच्या हिंगुळालाही आहे. फडताळाच्या रंगामागील हातांना तोच मान मिळावयाचा असेल, तर निर्णयाच्या वेळी पहिला प्रश्न किती खर्च येईल हा न राहता, त्या स्वयंपाकघरात रोज उभी राहणारी व्यक्ती काय म्हणते, हा असला पाहिजे. घराच्या इतिहासाचा अभ्यास या साध्या प्रश्नापर्यंत आणून सोडतो.